ट्रक घेण्याआधीचा वजनकाट्यावरचा हिशेब

गोव्यातल्या डिचोली, साखळी, केपे, सांगे या पट्ट्यात एके काळी दारात टिपर असणे म्हणजे घर मार्गी लागले असे मानले जायचे. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या आणि ते टिपर माडांखाली उभे राहिले. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी उठवली, मार्च २०१८ मध्ये खाणी पुन्हा बंद पडल्या. आमच्या दारातही एक टिपर होता. चाके फिरत नव्हती, हप्ता मात्र दर महिन्याला येत होता. शेवटी विकला, तेव्हा आलेल्या पैशांत बँकेचे कर्जही पुरते फिटले नाही.

आता लिलाव झालेल्या खाणपट्ट्यांतून पुन्हा खनिज निघू लागले आहे, वेर्णा-कुंडईच्या कारखान्यांचा माल आहे, चिरे-खडीची बांधकामे आहेत. मी गेली काही वर्षे लहान ट्रकमालकांचे हिशेब लिहितो, त्यामुळे गावातली मुले विचारायला येतात: "दादा, ट्रक घेऊ का?" मी त्यांना आधी एकच गोष्ट विचारतो. कायद्याने जेवढा माल घालता येतो तेवढाच घातलास, तर हप्ता सुटतो का? परवाना, विमा, बिल्टी (माल नेण्याची पावती), जीएसटी हे सगळे शिकता येते. वजनाचा हिशेब पहिल्या दिवशी चुकला, तर पुढचे एकही कागदपत्र तुम्हाला वाचवत नाही.

आपल्याकडे 'पासिंग' हा शब्द दोन अर्थांनी वापरतात. 'गाडी पासिंगला नेली' म्हणजे फिटनेस तपासणीला नेली. 'गाडी किती टन पासिंग आहे?' म्हणजे तिला कायद्याने किती वजन चालते. इथे दुसरा अर्थ पाहू. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, दोन आकडे असतात: गाडीचे रिकामे वजन आणि मालासकट एकूण वजन. दुसऱ्यातून पहिले वजा केले की उरते ते मालाचे वजन, आणि तेच तुमचे उत्पन्न. जुलै २०१८ मध्ये केंद्राने ही मर्यादा वाढवली. सहाचाकी ट्रकचे एकूण वजन १६.२ टनांवरून १८.५ टन झाले, दहाचाकीचे २५ वरून २८.५ टन. पण तुमच्या गाडीला लागू होतो तो तुमच्या आरसीवर छापलेला आकडा. विक्रेत्याने तोंडी काही सांगितले असले, तरी वजनकाट्यावर त्याला किंमत नाही.

आता एक हिशेब मांडू. यातले भाव मी समजण्यापुरते धरले आहेत. तुम्ही तुमचे आकडे घाला, रीत तीच ठेवा.

सहाचाकी ट्रक, रिकामे वजन साडेसहा टन, म्हणजे माल १२ टन. जाऊन-येऊन १२० किलोमीटरची खेप, भाडे टनामागे ५०० रुपये. एका खेपेचे ६,००० रुपये झाले. लिटरला चार किलोमीटर धरले तर ३० लिटर डिझेल लागेल, ९० रुपये भावाने २,७००. ड्रायव्हर-क्लिनरचे १,०००. टायर, ऑइल, दुरुस्ती यांसाठी किलोमीटरला पाच रुपये बाजूला काढायचे, ते ६००. हे पाच रुपये बहुतेक जण धरतच नाहीत आणि सहा टायर एकदम बदलायची वेळ आली की सावकाराचे दार गाठतात. खेपेमागे उरले १,७००. महिन्याला २५ खेपा मारल्या तर ४२,५००. हप्ता ४८,००० चा, आणि विमा, कर, परवाना, पासिंग यांचा वर्षाचा खर्च बारांत वाटून महिन्याचे १०,०००. म्हणजे महिन्याला १५,५०० रुपयांची खोट.

इथेच मालक चुकीचा रस्ता धरतो. खेपेला तीन टन जास्त घातले की १,५०० रुपये जादा, महिन्याचे ३७,५००. खोट भरून वर पैसे उरल्यासारखे दिसतात. पण मोटार वाहन कायद्यात जादा वजनाला दंड आहे २०,००० रुपये, शिवाय प्रत्येक जादा टनाला २,०००. तीन टनांचे झाले २६,०००. जादा माल तिथेच उतरवायचा, उतरवण्याचा खर्च तुमचा, आणि तो उतरेपर्यंत गाडी हलत नाही. वजन करायला नकार देऊन गाडी पळवली तर ४०,०००. महिन्यातून एकदा पकडले गेलात की त्या ३७,५०० मधले ११,५०० उरतात, आणि टायर, स्प्रिंगचे पाटे, ब्रेक वेळेआधी झिजतात ते वेगळे. अनमोड घाटाच्या उतारावर भरलेल्या ट्रकचे ब्रेक तापलेले ज्याने पाहिले आहेत, त्याला पुढचे सांगायला नको.

मग खोट भरायची कशी? तोच हिशेब उलटा करा. महिन्याला १२ टनांच्या २५ खेपा म्हणजे ३०० टन. १५,५०० भागिले ३०० केले तर टनामागे सुमारे ५२ रुपये कमी पडताहेत. घरखर्चाला २५,००० हवे असतील तर आणखी ८३. म्हणजे तुमचा खरा दर टनाला ६३५ रुपयांच्या आसपास आहे. तो मिळत असेल तर ट्रक घ्या. मिळत नसेल तर लहान गाडी, कमी हप्ता किंवा दुसरा माल बघा. ५०० च्या दराला 'हो' म्हणून उरलेले पैसे वजनातून काढू, असे ठरवून धंद्यात उतरू नका. डंपरचे फळके उंच करून घेण्याचा मोहही इथूनच सुरू होतो. आरटीओच्या परवानगीशिवाय गाडीत असा बदल केला, तर मालकाला प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

हा हिशेब जमला, की परवान्याकडे या.

गोवा उत्तर-दक्षिण जेमतेम १०५ किलोमीटर. डिचोलीतून दोडामार्गची हद्द हाकेच्या अंतरावर, पेडण्यातून पत्रादेवी ओलांडली की बांदा, काणकोणातून पोळे ओलांडले की कारवार. म्हणून 'मी गोव्यातच चालवणार' असे म्हणणारा मालकही दोन महिन्यांत हद्दीपलीकडचे भाडे घेतो. गोव्याचा मालवाहू परवाना फक्त गोव्यापुरता. बाहेर जायचे तर एकतर त्या वेळेपुरता तात्पुरता परवाना घ्यायचा, नाहीतर नॅशनल परमिट. परमिट पाच वर्षांचे असते, पण त्याचे अधिकारपत्र दरवर्षी नवे करावे लागते. त्याची केंद्राची एकत्रित फी वर्षाला १६,५०० रुपये आहे आणि आपल्या राज्याची फी वेगळी. महिन्यातून दोन-तीनदा जरी हद्द ओलांडणार असाल, तरी हेच परवडते. परवान्याशिवाय गाडी चालवली तर पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद, अशी तरतूद आहे.

नॅशनल परमिटच्या दोन अटी आपल्याकडे नीट सांगितल्या जात नाहीत. पहिली वयाची. सहाचाकी ट्रक १२ वर्षांचा झाला की त्याला नॅशनल परमिट मिळत नाही. दोनपेक्षा जास्त आसांच्या गाडीला ही मर्यादा १५ वर्षे आहे. स्वस्तात मिळतो म्हणून १३ वर्षांचा टिपर घेतलात, तर तो हद्दीबाहेरच्या धंद्याला चालणार नाही. दुसरी अट परतीच्या मालाची. गोव्याची गाडी मुंबईला माल उतरवून परत येताना मुंबईत भरून कोल्हापुरात उतरवू शकत नाही, कारण दोन्ही ठिकाणे महाराष्ट्रातलीच. मुंबईत भरून गोव्यात किंवा बेळगावात उतरवता येते. परतीचे भाडे मिळाले म्हणून आनंदाने दिलेला होकार इथेच महागात पडतो.

एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या गाडीला, म्हणजे आपल्या छोटा हत्तीसारख्या गाडीला, मालवाहू परवानाच लागत नाही. पिवळी नंबरप्लेट, फिटनेस, विमा आणि पीयूसी मात्र लागतेच. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने आणखी एक प्रश्न सोडवला: हलक्या वाहनाचे लायसन्स असलेला माणूस ७,५०० किलोंपेक्षा कमी वजनाची मालवाहू गाडी वेगळ्या शेऱ्याशिवाय चालवू शकतो. नव्याने धंद्यात येणाऱ्या मुलाने लहान गाडीपासून सुरुवात करावी असे मला मनापासून वाटते. दोन वर्षे छोटा हत्ती चालवला की गिऱ्हाईक कळते, उधारी कळते, रस्ता कळतो.

जुना ट्रक घेणार असाल तर आधी वाहन पोर्टलवर त्याचा नंबर टाकून बघा. मालक कोण, कर्जाचा बोजा आहे का, कर कुठपर्यंत भरला, चलने किती थकली, हे सगळे दिसते. चेसिस नंबर गाडीवर जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी ताडून घ्या. बोजा असेल तर बँकेची एनओसी हातात येईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका. आणि नाव बदलून घ्या. कायद्याने विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचे असते. आपल्याकडे 'कर्ज फिटल्यावर बदलू' म्हणत तीन-तीन मालक बदलतात आणि आरसीवर पहिल्याचेच नाव राहते. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की अपघाताच्या भरपाईची जबाबदारी आरसीवर नाव असलेल्या मालकावरच येते, गाडी प्रत्यक्षात कुणीही विकत घेतलेली असो. म्हणून ट्रक विकतानाही तितकीच घाई करा. आम्ही आमचा टिपर विकला तेव्हा नाव बदलल्याचा कागद हातात येईपर्यंत वडिलांना रात्री झोप नव्हती, आणि त्यांचे ते बरोबरच होते.

फिटनेस नव्या गाडीला पहिली दोन वर्षे असतो. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी तो नवा करायचा. तपासणीत दिवे, ब्रेक, मागच्या-बाजूच्या चमकणाऱ्या पट्ट्या, मागचा आडवा दांडा, ताशी ८० चा वेगनियंत्रक बघतात. काळोख्या, पावसाळी रात्री धारबांदोड्याच्या रस्त्यावर बंद पडलेला ट्रक मागून येणाऱ्या दुचाकीला दिसतो तो त्या पट्टीमुळेच. पट्टी चिखलाने माखली की पुसायला क्लिनरला सांगायला विसरू नका.

ही कागदपत्रे एकमेकांत साखळीसारखी अडकलेली आहेत. विमा किंवा पीयूसी संपलेली असेल तर फिटनेस अडतो. फिटनेस नाही तर परवान्याचे काम अडते. आणि ज्या दिवशी यातले एक संपलेले असते त्याच दिवशी अपघात झाला, तर विमा कंपनी तोच मुद्दा धरते. तिने जखमींना पैसे दिले, तरी नंतर ते मालकाकडून वसूल करण्याची मुभा न्यायालय तिला देऊ शकते.

विम्याबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगतो. थर्ड पार्टी विम्यात रस्त्यावरच्या माणसाचा मृत्यू किंवा इजा झाली तर भरपाईला मर्यादा नसते. पण मालवाहू गाडीत फुकट बसवलेला किंवा भाडे घेऊन बसवलेला प्रवासी त्यात येत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेले आहे. मालाबरोबर जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा माणूस चालतो. चतुर्थीच्या विसर्जनाला, लग्नाला, नाहीतर खडीवर बसवून मजूर नेताना गाडी उलटली, तर ती भरपाई तुमच्या घरावर येते. ओळखीचा माणूस गाडी मागायला आला तर नाही म्हणणे जड जाते, हे मला ठाऊक आहे. तरी नाहीच म्हणा. ड्रायव्हर आणि क्लिनर दोघेही पॉलिसीत धरलेले आहेत का, ते पावती घेतानाच वाचून घ्या.

ड्रायव्हरचे लायसन्स सारथी पोर्टलवर तपासा. व्यावसायिक लायसन्स पाच वर्षांचे असते. गॅस, पेट्रोल, रसायने नेणाऱ्याला वेगळे प्रशिक्षण आणि शेरा लागतो. कामाचे तास दिवसाला आठ, आठवड्याला ४८. मुंबईची खेप एकट्या ड्रायव्हरला एका रात्रीत मारायला लावणारा मालक कायदा मोडतो आणि एका कुटुंबाचा आधारही पणाला लावतो. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या नव्या ट्रकांना वातानुकूलित केबिन बंधनकारक झाली आहे. एप्रिल-मेमधल्या घामाच्या धारांत ज्यांनी टिपर चालवला त्यांनाच याची खरी किंमत कळेल. पगार बँकेतून द्या, उचल वहीत लिहा आणि त्याची सही घ्या.

आता बिल्टी. ज्याला ट्रक आहे पण बिल्टी काढत नाही, तो जीएसटीच्या नजरेत साधा गाडीमालक. त्याने थेट माल नेला किंवा गाडी ट्रान्सपोर्टवाल्याला भाड्याने दिली, तर त्या भाड्यावर कर नाही. आपल्याकडचे बहुतेक एक-दोन ट्रकवाले यातच मोडतात. ज्या दिवशी तुम्ही स्वतःच्या नावाने बिल्टी देऊ लागता, म्हणजे माल ताब्यात घेऊन तो पोचवण्याची जबाबदारी लेखी स्वीकारता, त्या दिवसापासून तुम्ही मालवाहतूक एजन्सी. मग दोन वाटा. एक, भाडे देणारी कंपनी किंवा नोंदणीकृत व्यापारी स्वतःच ५ टक्के कर सरकारला भरतो. दोन, तुम्ही नोंदणी करून कर लावता: ५ टक्के, पण खरेदीवरच्या कराची वजावट नाही, किंवा १८ टक्के आणि वजावट मिळते. हा १८ चा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून आहे, आधी १२ होता. त्याच दिवसापासून नव्या ट्रकवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. धान्य, दूध, मीठ, शेतमाल यांच्या भाड्यावर कर नाही.

बिल्टी देणाऱ्याला आणखी एक नोंदणी लागते. २००७ च्या रस्ते मालवाहतूक कायद्याने, जो १ मार्च २०११ पासून अमलात आला, इतरांचा माल गोळा करून पावतीवर पाठवणाऱ्याने नोंदणी केलीच पाहिजे. ती दहा वर्षे चालते. या कायद्यात मालकाच्या फायद्याचेही काही आहे. माल पाठवणाऱ्याने जादा जोखमीचा दर द्यायचे लेखी कबूल केले नसेल, तर नुकसानीची तुमची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत मर्यादित राहते. ६,००० भाड्याच्या खेपेत ६०,०००. म्हणून पाठवणाऱ्याकडून मालाची किंमत लिहिलेला फॉर्म घेतल्याशिवाय माल चढवू नका. 'नंतर देतो' हे उत्तर ऐकून निघालेला ट्रक पावसात भिजला, की मालाची किंमत अचानक दुप्पट झालेली असते.

५०,००० रुपयांवरच्या मालाला राज्याबाहेर जाताना ई-वे बिल लागते. ते सहसा माल पाठवणारा काढतो, पण त्यात गाडीचा नंबर बरोबर आहे का, हे ड्रायव्हरने निघताना बघायचे. दर २०० किलोमीटरला एक दिवस मुदत मिळते. वेर्ण्याहून मुंबई पाचशे किलोमीटरच्या वर, म्हणजे तीन दिवस. वाटेत गाडी बिघडली तर मुदत संपण्याआधी आठ तास किंवा संपल्यानंतर आठ तासांच्या आत ती वाढवून घेता येते. गाडी बदलली तर नंबर बदलायचा. बिल नसेल तर मालावरच्या कराच्या दुप्पट दंड होऊ शकतो आणि माल-गाडी दोन्ही अडकतात. फक्त गाडी सोडवायची असेल तर तो दंड किंवा एक लाख रुपये, यातले जे कमी ते भरून ती सुटते.

आयकराचे सोपे आहे, आणि लोक उगाच घाबरतात. दहापर्यंत गाड्या असतील तर खर्चाच्या वह्या न दाखवता ठरावीक उत्पन्न मांडता येते. एकूण वजन १२ टनांवर असेल तर टनाला महिन्याचे १,०००, त्याखालच्या गाडीला महिन्याचे ७,५००. आपल्या साडेअठरा टनांच्या ट्रकचे वर्षाचे २,२२,००० होतात. एवढ्यावर बहुधा कर बसत नाही, पण विवरणपत्र दरवर्षी भरा. पुढच्या कर्जाला बँक तेच मागते. दहापेक्षा जास्त गाड्या नाहीत असे लिहून पॅन दिला, की कंपनी तुमच्या भाड्यातून टीडीएस कापत नाही. ते न दिल्यामुळे पैसे अडकलेले मालक मी दरवर्षी बघतो. पावसाळ्यात गाडी ताडपत्रीखाली उभी असली तरी ते महिने या हिशेबात धरले जातात, हेही लक्षात ठेवा.

गाडी उभी कुठे करणार, हेही आधी ठरवा. स्वतःचे भातशेत मातीने बुजवून यार्ड करू नका. त्याला नगरनियोजन खात्याची परवानगी आणि जमिनीची बिगरशेती सनद लागते, आणि ती नसेल तर शेजाऱ्याची एक तक्रार पुरते. खनिज नेणार असाल तर खाण खात्याकडे ट्रकची नोंदणी, जीपीएस आणि प्रत्येक खेपेचा वाहतूक पास यांची वेगळी शिस्त आहे. खनिजाचा ट्रक गावातून जातो त्या रस्त्यावर मुले शाळेला चालत जातात, म्हणून ताडपत्री न बांधता निघू नका.

जून ते सप्टेंबर गाडीला काम कमी असते. जुनी गाडी असेल तर पासिंग, विमा आणि परमिटचे अधिकारपत्र या तिन्हींच्या तारखा हळूहळू त्याच महिन्यांत आणता आल्या तर बघा. टायर बदलायचे, पाट्यांचे आणि ब्रेकचे काम काढायचे तेही तेव्हाच. चतुर्थी आटोपली की ऑक्टोबरपासून हंगाम सुरू होतो, आणि तेव्हा पासिंगच्या रांगेत उभी असलेली गाडी दिवसाला एक खेप गमावत असते.